पीक जोमदार, कणसात दाणा नाही: कॅल्मोड्युलिनच्या शुद्धीकरणाचं एक प्रकरण

"मॅडम, पीक आलंय! एकदम उभं."

मे महिन्यातली दुपार. एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प करणारी विद्यार्थिनी कोल्ड रूममधून स्वेटर घालूनच बाहेर आली, हातात क्रोमॅटोग्रामचा, म्हणजे शुद्धीकरणाच्या कॉलममधून काय कधी उतरलं त्या आलेखाचा, प्रिंट. पीक (peak) म्हणजे त्या आलेखातला उंचवटा. पीक खरंच देखणं होतं. मिठाचा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू वाढवत नेलेलं मिठाचं प्रमाण, जवळपास निम्म्यावर येईपर्यंत २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण दाखवणारी रेघ खालीच रेंगाळत होती आणि मग कड्यासारखी सरळ वर चढली होती. त्या पिकाखालची सहा फ्रॅक्शन्स (कॉलममधून उतरणाऱ्या द्रवाच्या ओळीने भरलेल्या नळ्या) तिने वेगळी काढून बर्फात ठेवली होती. डायालिसिसची नळीसुद्धा भिजत घातली होती.

"जेल चालवलीस का?"

"संध्याकाळी चालवते. पण नॅनोड्रॉप पाच मिलिग्रॅम प्रति मिली दाखवतोय." नॅनोड्रॉप म्हणजे थेंबभर द्रावणाच्या प्रकाशशोषणावरून प्रोटीनचं प्रमाण सांगणारं यंत्र.

संध्याकाळी प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर त्या सहा फ्रॅक्शन्सच्या रकान्यांत जवळजवळ काहीच नव्हतं. ब्रॅडफर्ड या प्रोटीनच्या रंगचाचणीची नळीही तपकिरीच राहिली, निळी व्हायचं नाव घेईना. मुलगी शेतकऱ्याच्या घरातली. जेलकडे बघत तीच म्हणाली, "पीक जोमदार, कणसात दाणा नाही."

पुढचे तीन आठवडे त्या दाण्याच्या शोधात गेले. त्यातला एक आठवडा माझ्या सल्ल्यामुळे वाया गेला. हे सविस्तर लिहितेय ते त्यासाठीच.

प्रोटीन कसं होतं

आम्हाला हवं होतं कॅल्मोड्युलिन. पेशीतला कॅल्शिअमचा निरोप इतर एन्झाइम्सपर्यंत पोचवणारं हे प्रोटीन आकाराने लहान आहे: १४८ अमिनो आम्लं, वजन १६.७ किलोडाल्टन. मासा असो, कोंबडी असो की माणूस, सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत त्याचा क्रम अक्षर न् अक्षर तोच. माणसात तर त्याची तीन वेगळी जनुकं आहेत आणि तिन्हींतून हे एकच प्रोटीन तयार होतं.

आता त्याच्या विद्युतभाराचा हिशोब करू. १४८ पैकी १७ अ‍ॅस्पार्टिक आणि २१ ग्लुटामिक, म्हणजे ऋणभार देणारी ३८ अमिनो आम्लं. त्यांच्यासमोर धनभार देणारी फक्त १४, त्यात ८ लायसिन आणि ६ आर्जिनिन. वजाबाकी केली तर उरतात ऋण २४. एवढ्याशा प्रोटीनसाठी हा भार भलताच झाला. समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला एकूण भार शून्य होतो तो, ४ च्या थोडा वर, त्यामुळे पीएच ८ च्या बफरमध्ये ते ऋणभाराने अगदी लगडलेलं असतं.

जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घातलं होतं, तेही शेपटी न लावता. हिस्टिडिनची शेपटी लावली असती तर निकेलच्या कॉलमवर एका दिवसात काम उरकलं असतं, हे मान्य. पण पुढच्या प्रयोगात कॅल्शिअम किती घट्ट बसतं ते मोजायचं होतं, आणि तिथे धातूला चिकटणारी शेपटी नको होती. शिवाय एवढ्या ऋणभारित प्रोटीनला शेपटी हवीच कशाला, असंही वाटलं. कॉलममध्ये भरलेल्या धनभारित रेझिनच्या मण्यांवर टाकायचं, बाकीचं धुऊन काढायचं, मीठ वाढवत उतरवून घ्यायचं. पाठ्यपुस्तकात अ‍ॅनायन एक्स्चेंजचं उदाहरण म्हणून छापावं असं प्रोटीन.

तिने केलंही तसंच. पेशी ५० मिलिमोलार ट्रिस, पीएच ८, १ मिलिमोलार ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) अशा बफरमध्ये सॉनिकेटरने फोडल्या. थोडं डीएनेझ, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम, टाकलं. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव क्यू कॉलमवर चढवला. क्यू म्हणजे चतुर्थक अमोनिअमचा गट, कुठल्याही पीएचला धनभार न सोडणारा. डीईएई या दुसऱ्या रेझिनचा भार पीएच ९ च्या आसपास उतरायला लागतो, याचा तसा नाही. मग शून्य ते १ मोलार मिठाचा ग्रेडियंट. यात खोट काढावी असं वरवर काहीच नव्हतं.

मग पीक कशाचं होतं

दुसऱ्या दिवशी मी तिला एकही न वगळता सगळी फ्रॅक्शन्स जेलवर चालवायला लावली. तेव्हा कॅल्मोड्युलिन सापडलं, पिकाच्या आधीच्या चार नळ्यांमध्ये. कडा जिथे चढायला लागतो त्या पायथ्याशी रेघ जेमतेम हललेली होती, आणि तिथे १७ किलोडाल्टनच्या आसपास बऱ्यापैकी बँड होता. सोबत ई. कोलायची इतर दहा-बारा प्रोटीन्स. या नळ्या रॅकच्या टोकाला "टाकून देणे" अशी पट्टी लावून ठेवलेल्या होत्या. नशीब, टाकून दिल्या नव्हत्या.

उंच पीक न्यूक्लिक आम्लाचं होतं, मुख्यतः आरएनए. २६० आणि २८० च्या शोषणाचं गुणोत्तर जवळपास दोन येत होतं, आणि दोन ही न्यूक्लिक आम्लाची खूण. ते नॅनोड्रॉपच्या स्क्रीनवर पहिल्या दिवसापासून दिसत होतं, पण पाच मिलिग्रॅमचा आकडा बघितल्यावर त्या कोपऱ्याकडे लक्ष कोण देतो?

हा घोटाळा एवढा मोठा का झाला, ते समजायला साधं गणित पुरतं. २८० ला प्रोटीन दिसतं ते प्रामुख्याने ट्रिप्टोफॅनमुळे, त्या खालोखाल टायरोसिनमुळे. कॅल्मोड्युलिनमध्ये ट्रिप्टोफॅन एकही नाही आणि टायरोसिन फक्त दोन. त्यामुळे त्याचा शोषणांक येतो सुमारे २९८०, आणि १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणाचं २८० चं वाचन जेमतेम ०.१८. साधारण प्रोटीनचं हेच वाचन १ च्या आसपास असतं. उलट १ मिलिग्रॅम प्रति मिली डीएनए २६० ला २० शोषतो आणि २८० ला त्याच्या निम्मं, म्हणजे १०. आरएनएचं शोषण त्याहून थोडं जास्तच. म्हणजे वजनास वजन धरलं तर २८० च्या डिटेक्टरला न्यूक्लिक आम्ल कॅल्मोड्युलिनच्या पन्नास-साठ पट ठळक दिसतं. नमुन्यात शेकड्याला दोन भागही आरएनए शिल्लक असला तरी डिटेक्टरला तोच जास्त दिसणार.

बरं, बाकीच्या चाचण्या तरी निर्दोष असाव्यात? ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिनला धरतो, आणि इथे आर्जिनिन सहाच. जेलवर कूमासी हा रंग लहान, आम्लधर्मी प्रोटीनवर फिका बसतो आणि रंग उतरवताना बँडमधूनही निघून जातो. डिटेक्टर, ब्रॅडफर्ड, जेल, तिन्हींचा कल एकाच बाजूला. म्हणून पुढे मी तिला एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितलं: कॉलमने काय वेगळं केलं हे विचारायच्या आधी, आपण कशाने बघतोय हे विचार.

डीएनेझ टाकूनही असं का झालं? एकतर डीएनेझ-१ ला मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम लागतं, आणि आमच्या बफरमध्ये दोघांनाही धरून बसणारा ईडीटीए होता. एन्झाइम पहिल्या मिनिटापासून उपाशी. दुसरं म्हणजे ते चाललं असतं तरी फारसा उपयोग नव्हता. ई. कोलायच्या कोरड्या वजनात डीएनए सुमारे ३ टक्के, आरएनए सुमारे २० टक्के. शिवाय न्यूक्लिएजने (न्यूक्लिक आम्ल तोडणाऱ्या एन्झाइमने) तुकडे करण्यात एक गंमत आहे, जी प्रोटोकॉलमध्ये सहसा लिहिलेली नसते. लांब न्यूक्लिक आम्ल क्यू कॉलमवरून उशिरा, जास्त मिठात उतरतं. त्याचे बारीक तुकडे केले की ते ग्रेडियंटभर पसरतात आणि नेमके आपल्या आम्लधर्मी प्रोटीनच्या अंगावर येऊन बसतात. अर्धवट पचन झालेला अर्क कधीकधी न पचलेल्यापेक्षा वाईट.

माझा सल्ला

इथवर विचार बरोबर चालला होता. मग मी म्हणाले, "अगं, पीईआय टाक. न्यूक्लिक आम्ल सगळं खाली बसेल."

पीईआय, म्हणजे पॉलिएथिलीनइमाइन, हा धनभारांनी खच्चून भरलेला पॉलिमर. अर्कात ०.३ टक्के मिसळला की डीएनए, आरएनए त्याला लपेटून पांढरा गाळ होऊन खाली बसतात. ही युक्ती मी पूर्वी दोन-तीन प्रोटीन्ससाठी वापरली होती आणि प्रत्येक वेळी लागू पडली होती. तिने टाकला. क्षणात अर्क ताकासारखा झाला. सेंट्रिफ्यूजमधून काढला तर वरचा द्रव काचेसारखा स्वच्छ, गुणोत्तर दोनवरून थेट ०.७ वर. दोघी खूश.

त्या स्वच्छ द्रवात कॅल्मोड्युलिनचा मागमूस नव्हता.

आता मागे वळून बघताना हसू येतं. जे प्रोटीन धनभारित रेझिनला चिकटतं म्हणून आपण निवडलं, तेच धनभारित पॉलिमरला सोडून बाजूला उभं राहील, ही अपेक्षा मी कशाच्या जोरावर केली? मीठ कमी असताना पीईआय न्यूक्लिक आम्लाबरोबर आम्लधर्मी प्रोटीनही ओढून नेतो. हे काही नवीन ज्ञान नव्हे. १९७५ मध्ये बर्जेस आणि जेन्ड्रिसॅक यांनी ई. कोलायचा आरएनए पॉलिमरेझ शुद्ध करताना हाच गुण कामाला लावला होता. त्यांनी पॉलिमरेझ मुद्दाम गाळात पाडला आणि मग मीठ वाढवून गाळातून सोडवून घेतला. मी वापरलेली आधीची प्रोटीन्स एवढी ऋणभारित नव्हती, म्हणून ती वर तरंगत राहिली होती, इतकंच.

गाळ तिने फेकला नव्हता. तो बर्फात होता. मिठाचं प्रमाण पायरीपायरीने वाढवत धुतल्यावर कॅल्मोड्युलिन सुटलं आणि न्यूक्लिक आम्ल बरंचसं पीईआयलाच धरून राहिलं. पण सोबत थोडा पीईआयही आला. तो पुढच्या क्यू कॉलमसमोर प्रोटीनला पुन्हा पकडून बसायला लागला. दोन दिवस झगडून तो नाद सोडला.

कॅल्शिअमची मूठ

ज्या प्रोटीनसाठी आम्ही रखडलो होतो, त्याचा शोधच मुळात असल्या एका कॉलमवर लागला आहे. वाय यू चुंग मेंदूतला फॉस्फोडायएस्टरेझ हा एन्झाइम शुद्ध करत होते. अर्क डीईएई सेल्युलोजच्या कॉलमवरून गेला की एन्झाइमची ताकद एकदम पडायची. एन्झाइम शुद्ध होत होता आणि त्याच वेळी मंदावत होता. कॉलमवरून नंतर, जास्त मिठात उतरणारा भाग परत मिसळला की ताकद परत यायची. त्या उशिरा उतरणाऱ्या भागात अतिशय ऋणभारित असा एक सहायक होता. कॉलमने दोघांना वेगळं केलं होतं. १९७० मध्ये चुंग यांनी हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी जपानमध्ये काकियुची यांनाही स्वतंत्रपणे तो सहायक सापडला. त्यालाच पुढे कॅल्मोड्युलिन नाव मिळालं.

हा किस्सा मी तिला सांगितला तो धीर द्यायला. पण तिने त्यातून वेगळाच प्रश्न काढला. "मॅडम, भार बघून वेगळं करायला गेलं तर न्यूक्लिक आम्ल आडवं येणारच. त्याच्याकडे भार जास्त आहे. मग असं काय आहे जे याच्याकडे आहे आणि आरएनएकडे नाही?"

इथून प्रकरण वळलं. कॅल्मोड्युलिनला चार कॅल्शिअम बसतात. बसले की प्रोटीन उघडतं आणि आत दडलेले, मेथिओनिनने भरलेले तेलकट भाग बाहेर येतात. एरवी याच भागांनी ते इतर एन्झाइम्सना धरतं. या तेलकट भागांना फिनाइल हा तसाच तेलकट रासायनिक गट लावलेला कॉलमही चालतो. कॅल्शिअम काढून घेतला की ते भाग मिटतात आणि प्रोटीन कॉलम सोडतं. १९८२ मध्ये गोपालकृष्ण आणि अँडरसन यांनी फिनाइल सेफारोजवर हे करून दाखवलं. म्हणजे मूठ कॅल्शिअमने उघडते आणि कॅल्शिअम काढून घेणाऱ्या ईजीटीएने मिटते. आरएनएला अशी मूठच नाही.

शिवाय हे प्रोटीन उष्णतेला दाद देत नाही. तापवलं तरी थंड झाल्यावर पुन्हा नीट घडी घालून बसतं. ई. कोलायची बहुतेक प्रोटीन्स तसं करत नाहीत.

तिसऱ्या खेपेला क्रमच बदलला. अर्कात ईडीटीएला पुरून उरेल इतका, ५ मिलिमोलार कॅल्शिअम क्लोराइड टाकला. शंकूच्या आकाराचा फ्लास्क उकळत्या पाण्यात धरून ती तो सतत फिरवत राहिली. दोनेक मिनिटांत दूध नासावं तसा अर्क फाटला, लॅबभर उकडलेल्या अंड्याचा वास. पाच मिनिटं झाल्यावर फ्लास्क बर्फात, मग सेंट्रिफ्यूज. गाळाचा लगदा खाली, वर फिकट पिवळा द्रव. जेलवर बघितलं तर पूर्वीच्या गर्दीतले मोजकेच बँड उरले होते. आरएनए मात्र जसाच्या तसा. उष्णतेने तो प्रोटीनसारखा गाळ होऊन खाली बसत नाही.

तो द्रव फिनाइल कॉलमवर चढवला. बफर ट्रिसचा, पीएच ७.५. तिच्या मूळ आराखड्यात फॉस्फेट बफर होता. कॅल्शिअमबरोबर तो कॉलमच्या तोंडाशीच पांढरा गाळ करून बसला असता. शिवाय पुढे क्यू कॉलमवर फॉस्फेटचा स्वतःचाच ऋणभार रेझिनवर जागा अडवतो. ट्रिस धनभारित असल्याने त्या भांडणात पडत नाही.

नमुना चढत असताना डिटेक्टरची रेघ पुन्हा कड्यासारखी उठली आणि वरच्या मर्यादेला टेकली. तेच जुनं पीक. फरक एवढाच की यावेळी ते कॉलममधून सरळ वाहून कचऱ्याच्या बाटलीत जात होतं आणि आम्ही दोघी समाधानाने बघत होतो. मग अर्धा मोलार मीठ आणि कॅल्शिअम असलेल्या बफरने भरपूर धुतलं, म्हणजे भारामुळे अडकलेलं काही असेल तर तेही निघावं. रेघ सपाट झाली. मग १ मिलिमोलार ईजीटीए.

पीक आलं ते बुटकं, ०.४ पर्यंत जेमतेम. तीन आठवड्यांपूर्वी तिने याच्याकडे बघितलंही नसतं. आता ती प्रत्येक नळीवर क्रमांक लिहीत होती.

शेवटचा हात

आता क्यू कॉलम पुन्हा घेतला, पण पीएच ८ ला नाही. ई. कोलायच्या कितीतरी प्रोटीन्सचा समविद्युत बिंदू ५ ते ६ च्या दरम्यान असतो. पीएच ८ ला ती सगळी ऋणभारित होतात आणि कॉलमवर गर्दी करतात. पीएच ६ ला आणलं की त्यातल्या बऱ्याच जणांचा भार उतरतो. ती चिकटत नाहीत किंवा थोड्याशा मिठात सुटतात. आपलं प्रोटीन ४ च्या जवळचं, ते मात्र घट्ट बसून राहतं. पीएच समविद्युत बिंदूच्या एक घर वर ठेवा, हा नियम सगळे घोकतात. पण चार घरं वर ठेवल्याने गर्दी वाढते, हे फार थोडे सांगतात. बफर ट्रिसचा बदलून बिस-ट्रिसचा घेतला, कारण ट्रिस पीएच ६ ला नावापुरताच बफर असतो. हा धडा न्यूक्लिक आम्लाला लागू नाही, त्याचा भार पीएच ६ लाही तितकाच राहतो. ते आधीच काढलं होतं म्हणून ही चाल जमली.

आणखी एक चाल कागदावर मांडून ठेवली आहे, केलेली नाही. चार कॅल्शिअम बसले की ऋण २४ चे ऋण १६ होतात. म्हणजे क्यू कॉलम एकदा ईजीटीए घालून आणि एकदा कॅल्शिअम घालून चालवला तर आपलं प्रोटीन जागा बदलायला हवं आणि भेसळ तिथेच राहायला हवी.

शेवटी १ लिटर कल्चरमधून २२ मिलिग्रॅम हाती आलं. पण ते शुद्ध आहे हे ठरवायचं कसं? गुणोत्तर मोजलं तर १ च्या आसपास. पोरीचा चेहरा उतरला, कारण शुद्ध प्रोटीनचं ०.६ असतं असं शिकवलेलं. तेव्हा पूर्ण स्पेक्ट्रम काढला. २५० ते २७० च्या दरम्यान कंगव्यासारखे बारीक दात दिसले. ते फेनिलअ‍ॅलॅनिनचे. या प्रोटीनमध्ये ती ८ आहेत, आणि एरवी ट्रिप्टोफॅनच्या डोंगराआड ती झाकली जातात. इथे डोंगरच नाही. आरएनए शिल्लक असता तर २६० ला गुळगुळीत घुमट दिसला असता आणि दात बुजले असते. म्हणजे कॅल्मोड्युलिनच्या बाबतीत १ हे गुणोत्तर वाईट नाही, फक्त आकड्यावर न थांबता रेघेचा आकार बघायला हवा.

जेल यावेळी कूमासीऐवजी स्टेन्स-ऑलने रंगवली. हा रंग उजेडात उडतो, म्हणून डबा अ‍ॅल्युमिनिअम फॉइलमध्ये गुंडाळून रात्रभर कपाटात ठेवला. सकाळी उघडला तर कच्च्या अर्काच्या रकान्यात गुलाबी बँडांची शिडी आणि त्यात एक निळा. कॅल्शिअम बांधणारी आम्लधर्मी प्रोटीन्स या रंगाने निळी होतात. शेवटच्या दोन रकान्यांत तोच निळा बँड एकटा होता. एका रकान्यातल्या नमुन्यात कॅल्शिअम घातला होता, दुसऱ्यात ईजीटीए. कॅल्शिअमवाला बँड स्पष्टपणे पुढे धावलेला, ईजीटीएवाला मागे रेंगाळलेला. जेलमधल्या एसडीएस या साबणासारख्या रसायनातही ते कॅल्शिअम सोडत नाही, त्याची ही जुनी ओळख.

फ्रीझरमध्ये पहिल्या दिवसाची ती सहा फ्रॅक्शन्स अजून आहेत. नळीवर तिच्या अक्षरात "कॅल्मोड्युलिन, ५ मिग्रॅ/मिली" लिहिलेलं होतं. प्रकल्प जमा करायच्या आदल्या दिवशी तिने ते मार्करने खोडून "आरएनए" लिहिलं. यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांना २६०-२८० चं प्रात्यक्षिक द्यायला मी त्यातलीच नळी काढते.